बिनशेपटीचा उंदीर जेवतो कधी

१४ ऑगस्ट २००६, सोमवार
भावाच्या खताच्या दुकानाची डायरी. जानेवारीपासून कपाटावर पडून होती. आज खाली काढली. कागद वाया गेलेला मला चालत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर डॉक्टरपेक्षा बरं आहे. रोज लिहिणार. खोटं लिहिणार नाही.

आज परत माऊसच्या पोटातली गोळी चोरीला गेली. कॉलेजची पोरं. त्यांना ती गोळी कशाला लागते देव जाणे. सगळ्यांना उभं करून खिसे तपासले. एकाच्या खिशात कंगवा, एकाच्या खिशात चिठ्ठी. चिठ्ठी वाचली. गोळीबद्दल काही नव्हतं.

ठराव : गिऱ्हाइकावर ओरडायचं नाही. शांत बाई म्हणून नाव झालं पाहिजे.

१५ ऑगस्ट
सुट्टी. कॅफे उघडा ठेवला, गर्दी होती. दोघांवर ओरडले. ठराव उद्यापासून.

नाशिकच्या इंदिरानगरात आमचा हा एकच चांगला नेट कॅफे. पाच कंप्युटर. नाव 'आशा नेट कॅफे'. पोरीचं नाव दिलं की पोरगी आपोआप कामाला लागते. चालवते मीच. आशा नुसती सकाळी उघडते, गिऱ्हाइकाला शिकवते, बिघडलं तर खोलून बघते, हिशेब लिहिते आणि रात्री कुलूप लावते. बाकी सगळं माझ्यावर.

१७ ऑगस्ट
सिन्नरहून जाऊबाई आली. सरुबाई. एरवी तिच्या तोंडात चांगली बातमी टिकत नाही, पण आज स्थळ घेऊन आली. मुलगा सावळीराम, सिंगापूरला जहाजाच्या कारखान्यात विजेचं काम करतो. तिकडं त्याला सॅम म्हणतात. आई धोंडाबाई, सिन्नरची, बोलायला फटकळ. मला फटकळ बायका आवडत नाहीत.

मुलगा सुट्टी नाही म्हणून येणार नाही. दसऱ्यानंतर पोरगी कंप्युटरवर बघणार, कॅमेऱ्यातून. आणि तेही आमच्याच कॅफेत. त्याचे आईबाप इथं खुर्चीवर बसणार, तो पडद्यावर. जाऊबाईला म्हणाले, आमच्या घरात हे रोजचंच आहे.

आशा म्हणाली तिला आत्ता लग्न करायचं नाही. मशीन दुरुस्तीचं काम शिकायचंय. नुसतं शिकायचं नाही, तेच करायचंय. मी म्हणाले, बाईच्या हातात उलथणं असतं, पेचकस नसतो. ती म्हणाली दोन्हीनं खोलताच येतं. उद्धट. माझ्यावर गेली नाही.

आमच्या ह्यांना विचारलं. (नवऱ्याचं नाव लिहायचं नसतं, म्हणून 'हे'.) हे अंबडला कंपनीत फिटर आहेत. काही बोलले नाहीत. म्हणजे होकार. दिवाळीच्या आत साखरपुडा. ठरलं.

१९ ऑगस्ट, शनिवार
विचार केला. सिंगापूरचा मुलगा. त्याच्यासमोर आपली पोरगी शेपटीवाला, गोळी हरवलेला माऊस घासत बसणार का? गावंढळ दिसेल.

गंगापूर रोडला महेशचं दुकान आहे. कंप्युटरच्या सामानाचं. आमची मशीनं तोच बघतो. त्याला बोलावलं. म्हणाला, काकू, आता बिनवायरचे आलेत. शेपूट नाही, गोळी नाही, पोटातून लाल उजेड पाडतो. म्हटलं आण. किती प्रकार आहेत, कशावर चालतात असं काहीतरी सांगत होता. म्हटलं सांगू नको, आण. माणसानं पटकन ठरवावं.

२२ ऑगस्ट
आला. पेन्सिल सेलवर चालतो. दोन सेल पोटात. एक नंबरच्या कंप्युटरला लावला. बघायला शेजारचा किराणावाला, इस्त्रीवाला, सगळे आले. मी स्वतः तो उचलून हवेत फिरवून दाखवला. पडद्यावर बाण हलला नाही. आशा म्हणाली टेबलावर फिरवायचा असतो. मला माहीत होतं. नुसतं दाखवत होते की वायर नाही.

जाऊबाईला फोन केला. सांगितलं, आमच्याकडं उंदरांची शेपटी तोडली.

२ सप्टेंबर
सेल संपले.

इतक्यात? महेशला फोन लावला. म्हणाला, काकू, रात्री बंद करता ना? पोटाला बटण आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला सांगत होतो. मी आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं.

सेल उन्हात ठेवले. गावाकडं रेडिओचे ठेवायचो तसे, पत्र्यावर, उलटेपालटे करून. दाताखाली धरून दाबलेही. दुपारपर्यंत चालले. कंपनीला हे माहीत नसणार.

४ सप्टेंबर, सोमवार
उन्हातले परत मेले. टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. संध्याकाळी हे बातम्या लावायला बसले. रिमोट दाबला, परत दाबला, गुडघ्यावर आपटला. मग उठून टीव्हीजवळ गेले आणि तिथंच उभ्यानं बातम्या बघितल्या. मला काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

माऊस जडही लागतो. सेलांचं वजन. दिवसभर ढकलून एका मुलीचं मनगट दुखलं. तिला म्हणाले, मी तुझ्याएवढी असताना हंडा ढकलत नव्हते, डोक्यावर घेत होते. ती उठून गेली. ओरडले नाही, हे लिहून ठेवते.

९ सप्टेंबर
महेश दुसरा घेऊन आला. याला सेल नाहीत, आत बारीक बॅटरी. हलका. सोबत एक स्टँड, पाळण्यासारखा. त्यात ठेवला की निळा दिवा लागतो आणि तो चार्ज होतो. माझ्या मनातलाच माऊस हा. निळा दिवा तर इतका सुंदर की देवघरात ठेवावासा वाटला.

आशा म्हणाली आई, पितृपक्ष चालू आहे, तूच म्हणतेस नवं काही घ्यायचं नाही. मी म्हणाले माऊस ही वस्तू नाही, सोय आहे.

महेश आणि आशा तो उघडून बघत बसले. खाली दोन पितळी टिकल्या, पाळण्यातही दोन. टिकलीला टिकली लागली की करंट जातो. दोघं बराच वेळ टिकल्यांवर बोलले. महेश तिला आशाताई म्हणतो. मुलगा सभ्य आहे. घरचं काहीतरी सांगायला लागला होता, पण मी थांबवलं. कामाच्या वेळी घरचं नको.

१३ सप्टेंबर
लोडशेडिंग.

ज्यानं ही लाइट घालवायची वेळ ठरवली त्याच्या घरात माऊस नाही. लाइट नसते तेव्हा कंप्युटरही बंद आणि माऊसचं चार्जिंगही बंद. लाइट आली की गिऱ्हाईक धावत येतं आणि माऊसही उपाशी. दोघांना एकदमच पाहिजे. पाळण्यात ठेवला तर चालत नाही, चालवला तर भरत नाही.

आज बाकीचे चार कंप्युटर भरलेले असताना एक पोरगा निकाल बघायला आला. मी म्हणाले थांब, उंदीर जेवतोय. तो म्हणाला किती वेळ? म्हटलं तुला जेवायला किती लागतो? तो दहा मिनिटं म्हणाला. मग तासभर बसला आणि समोरच्या कॅफेत गेला. समोर कॅफे आहे हे मी आजवर लिहिलं नव्हतं, कारण तो चांगला नाही.

१४ सप्टेंबर
महेशला बोलावून झापलं. कंपनीला इतकं साधं कळत नाही? खात खात पळेल असा का बनवत नाहीत?

तो शांतपणे सांगायला लागला, आणि मी आज ऐकून घेतलं. म्हणाला, काकू, पाळण्यात बसला की पोटातला उजेड झाकला जातो, मग त्याला टेबल दिसत नाही. सेल घातले तर मिनिटात बदलता येतात, पण जड होतो. बारीक बॅटरी घातली तर हलका, पण लवकर दमतो. मोठी घातली तर परत जड. तोंडाला वायर लावायची सोय दिली तर चार्ज होता होता चालेल, पण मग लोक वायर काढणारच नाहीत. मग तो वायरवालाच झाला. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.

मी म्हणाले हे तर लग्नासारखंच आहे. आशा हसली. मी विनोद केला नव्हता.

महेश माझ्याशी इतकं सविस्तर बोलतो, कारण माझं डोकं चालतं हे त्याला कळलंय. आठवड्यातून तीन वेळा येतो. सांगायला लागतं थोडंच?

१८ सप्टेंबर
तिसरा आणवला. याला पाळणा नाही. वायर लावायचं भोक आहे, पण पोटाला! चार्जिंगला लावला की उताणा पडून राहतो, मेलेल्या झुरळासारखा. ज्यानं केला त्यानं स्वतः कधी माऊस धरला असेल असं वाटत नाही. महेश म्हणाला वरून दिसायला सुंदर राहावा म्हणून भोक खाली. आणि पुढं दिलं असतं तर लोकांनी वायर लावूनच वापरला असता, ओढून ओढून भोक मोडलं असतं.

सुंदर राहावा म्हणून उताणा पाडतात. मी अशा सुना पाहिल्या आहेत.

माझ्या डोक्यात कल्पना आली. भोक पुढं आणायचं. नाकात.

२० सप्टेंबर
ह्यांना कंपनीतून बारीक ड्रिल आणायला सांगितलं. आशा नको म्हणत होती. आत पट्टी असते, बॅटरी असते. हे माझ्याकडं बघत होते, मग आशाकडं. मग त्यांनी भोक पाडलं. नाकावर, अगदी मधोमध. काम सुबक झालं. फिटरच ते.

धूर आला.

थोडासाच. अगरबत्तीएवढा.

२१ सप्टेंबर
माझी कल्पना बरोबर होती. ड्रिल चुकीचं होतं.

२५ सप्टेंबर, सोमवार
शनिवारी घट बसले. त्याच दिवशी आशानं न विचारता एक काम केलं. चार्ज होणारे पेन्सिल सेल आणले, दोन जोड्या, आणि भिंतीला लावायचा चार्जर. एक जोडी माऊसच्या पोटात, एक भिंतीवर. पहिली संपली की उचलायची, दुसरी घालायची. गिऱ्हाइकाला थांबावं लागत नाही. लाइट गेली तरी भरलेली जोडी हाताशी. सगळ्यात पहिला, जड माऊसच परत काढला तिनं. वजनाचं काय म्हटलं तर म्हणे, डोक्यावर पाटी घेऊन काकड्या विकणाऱ्याला वजन चालतं, खोळंबा चालत नाही. काकड्यांचा काय संबंध?

पण चाललं. तीन दिवसांत कुणी उठून गेलं नाही. समोरच्या कॅफेतला मालकच बघायला आला. त्याला मी सगळं समजावून सांगितलं, मला ही युक्ती कशी सुचली ते. महेशनं आशाला काहीतरी विचारलं, ती नाही म्हणत मान हलवत होती आणि माझ्याकडं बोट दाखवत होती. म्हणजे श्रेय मलाच देत होती. लेक शेवटी आईचीच.

२८ सप्टेंबर
ठरलं. आठ ऑक्टोबर, रविवार, सकाळी अकरा. धोंडाबाई, त्यांचे मालक, जाऊबाई. सावळीराम पडद्यावर.

त्या दिवशी सेलवाला जड माऊस नको. पाळण्यातला, निळ्या दिव्याचाच. आशा म्हणते सेलवाला भरवशाचा आहे. मी म्हणाले भरवसा आपल्याला हवा, पाहुण्यांना शोभा दाखवायची. तिनं जुना वायरवाला ड्रॉवरमध्ये ठेवू का विचारलं. मी तो पोटमाळ्यावर टाकला.

आशा रात्री जेवताना परत म्हणाली, आई, मला सिंगापूरला नाही जायचं, मला काम करायचंय. मी म्हणाले तिकडं काम कमी असतं का? भांडी तिकडंही असतात.

१ ऑक्टोबर, रविवार
खंडेनवमी. माहेरी नांगर, कुळव, विळे मांडून पूजा व्हायची. ह्यांच्या कंपनीत मशीनची होते. कॅफेत आजवर नुसता हार घालायचो. या वर्षी मी नीट करायचं ठरवलं. आशा महेशच्या दुकानात गेली होती काहीतरी बघायला. बरंच झालं, मध्ये बोलायला कुणी नाही.

पाचही कंप्युटरला गंध, फूल, अक्षता. मग माऊस. पाळण्यातल्याला उचलून उलटा केला. विचार केला, याचा जीव कुठं आहे? जिथून करंट येतो तिथं. म्हणून त्या दोन पितळी टिकल्यांना हळदकुंकू लावलं, बोटानं दाबून. पाळण्यातल्या दोन टिकल्यांनाही. थोडं दूध शिंपडलं. सुरेख दिसत होतं. मग पाळण्यात ठेवून दिला.

निळा दिवा लागला नाही. सणाच्या दिवशी यंत्रालाही विश्रांती. त्याला ते कळतं.

५ ऑक्टोबर
आशाला सांगितलंय, पाळण्यातल्या माऊसला हात लावायचा नाही. रविवारपर्यंत भरत राहू दे. सारखं उचलून बघितलं तर दही लागत नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार
पोह्यांची तयारी. आशाची साडी मोरपंखी. तिला सांगितलं, कमी बोल, खाली बघ, माऊस हळू हलव. ती म्हणाली बाण हळूच हलला तर तो मला मंद समजेल. म्हटलं समजू दे, मंद मुलगी सासूला आवडते.

मी शांत आहे. मला काळजी वाटत नाही. दोनदा उठून कॅफेचं कुलूप बघून आले.

८ ऑक्टोबर, रविवार, दुपारी
लिहायला हात वळत नाही, पण रोज लिहायचं ठरवलंय.

पाहुणे वेळेवर आले. धोंडाबाई खुर्चीवर न बसता आधी भिंतीवरची कोळ्याची जाळी बघत फिरल्या. मी निळा दिवा दाखवायला गेले, तो लागलेला नव्हता. म्हटलं पोट भरलं की विझतो.

सावळीराम पडद्यावर आला. गोरा नाही, पण सुधारलेला. आशानं माऊस हलवला, त्याचं चित्र मोठं केलं. माझ्या मनात साखरपुड्याचा मांडव उभा राहिला. पोहे आणायला वळले तेवढ्यात धोंडाबाई म्हणाल्या, आमच्या पोराच्या नाकावर काय डकवलं?

बघते तर बाण. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर जाऊन अडकलेला. हलेना. आशानं माऊस ढकलला, आपटला, काही नाही. मी तिच्या हातातून घेतला, फुंकर घातली, खिडकीतल्या उन्हात धरला. सावळीराम तिकडून विचारत होता तुम्हाला दिसतोय का मी. दिसत होता. नाकावर बाण घेऊन. जाऊबाई पदरात तोंड घालून बसली होती. ती रडत नव्हती.

आशा म्हणाली सेलवाला लावते, नाहीतर शेजारच्या कंप्युटरचा वायरवाला. मी म्हणाले अजिबात नाही, सगळ्यांसमोर डबडं काढायचं नाही. महेशला फोन केला. तो गंगापूर रोडवरून गाडी काढून आला, रविवार असून. पोहे तोवर गार झाले.

त्यानं माऊस उलटा केला. त्यानं बघितलं, आशानं बघितलं. दोघं हसायला लागले. टिकल्यांवर कुंकू, त्यात सुकलेलं दूध, वर एक अक्षता चिकटलेली. आठवडाभर त्याच्यात करंट गेलाच नव्हता. महेश म्हणाला, काकू, देव प्रसन्न झाला पण प्रसाद आत गेला नाही.

मग आशानं मोरपंखी साडीचा पदर कमरेला खोचला आणि फरशीवर मांडी घातली. पर्समधून पेचकस काढला. सोन्याची अंगठी ठेवायला दिलेली पर्स, तिच्यात पेचकस. खोडरबरानं टिकल्या घासायला लागली. महेश समोर बसला. ती हात पुढं करायची आणि तो काय हवं ते हातात द्यायचा. विचारतही नव्हता. पडद्यातून सावळीराम मान वाकडी करून बघत होता. त्यानं टिकल्यांबद्दल विचारलं, आशानं सांगितलं, त्यानं परत विचारलं. तिघांचं रंगलं. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी मध्येच त्याला ठसक्यात म्हणाले, सिंगापूरला तर सगळे बिनवायरचेच असतील. तो म्हणाला, नाही मावशी, कामावर सगळे वायरवालेच, चार्जिंगची कटकट कोण करतो. तो सिंगापूरच्या मागास भागात राहत असणार.

धोंडाबाई उठल्या. मला बाजूला घेतलं. सबंध दिवसात त्या बाईचा आवाज पहिल्यांदा हळू झाला.

"लताबाई, बैल घ्यायला गेलं की आमी एकच बघतो. दोघं एका चालीनं चालत्यात का. ही जोडी चालती. आमच्या पोराला मधी कशाला जुंपता?"

मी म्हणाले कोणती जोडी. त्यांनी फरशीकडं हनुवटी केली.

गेले सगळे. बाण नाकावरून निघाला तेव्हा पडद्यावर नाक नव्हतं.

९ ऑक्टोबर
स्थळ मोडलं. मोडू दे. इतका लांबचा जावई काय कामाचा, गॅस संपला तर येणार का.

पण महेश?

१० ऑक्टोबर, मंगळवार
सगळं मागचं आठवलं आणि डोळे उघडले. आठवड्यातून तीन वेळा येतो. रविवारी धावत येतो. तासनतास टिकल्यांवर बोलतात. ताई म्हणतो ते लोकांच्या डोळ्यांत धूळ. मला पहिल्या दिवसापासून संशय होताच, फक्त लिहिला नव्हता.

मुलगा वाईट नाही. स्वतःचं दुकान. गंगापूर रोड म्हणजे रिक्षानं जवळच. गॅस संपला तर येईल.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं पण महेश तर... मी म्हणाले जातीपातीचं मला सांगू नका, त्या बाबतीत मी मोठ्या मनाची आहे. हे परत तोंड उघडत होते. मी ताट वाढलं.

११ ऑक्टोबर
आशाला विचारत बसले नाही. आईला विचारावं लागत नाही. सरळ म्हणाले, मला सगळं कळलंय. तू आणि महेशनं काय ठरवलंय ते. माझी हरकत नाही.

तुला कुणी सांगितलं, म्हणाली. मी म्हणाले, धोंडाबाईंना कळतं आणि मला कळणार नाही का. मग ती माझ्या गळ्यात पडली. लहानपणी पडायची तशी. म्हणाली, आई, मला वाटलं तू जन्मात हो म्हणणार नाहीस, मी त्याला दोनदा नाही कळवलं. मलाही रडू आलं. ओरडले नाही. रडताना ओरडता येत नाही.

उद्या पेढे घेऊन स्वतः जाणार. मुलीच्या आईनं जायचं असतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
गंगापूर रोड. पेढ्यांचा मोठा पुडा. नवी साडी. महेशच्या दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. चांगलं, साक्षीला माणसं हवीच.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, महेश, आशानं मला सांगितलं. मी आजवर कडक वागले असेन, पण पोरीच्या आड येणारी आई मी नाही. माझ्याकडून पूर्ण परवानगी.

महेशचं तोंड फुललं. काउंटरच्या बाहेर येऊन पाया पडला. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुडा फोडला. तेवढ्यात महेशनं मागच्या पडद्याकडं वळून हाक मारली, "पूजा, बाहेर ये, आशाताईंच्या आई हो म्हणाल्या."

पडदा सरकला. कडेवर वर्षाचं पोर घेऊन एक मुलगी बाहेर आली. गळ्यात मंगळसूत्र. पोराला महेशचेच कान.

म्हणाली, काकू, ह्यांनी कितीदा सांगितलं तुमच्याबद्दल, या ना आत. मग माझ्या हातातल्या पुड्याकडं बघून विचारलं, पेढे कशाचे?

सगळे माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, माऊस बरा झाला.

पेढे सगळ्यांनी खाल्ले. पोरानंही चोखला. मग महेशनं खिडकीपाशी नेऊन एक टेबल दाखवलं. नवा दिवा, छोट्या छोट्या डब्या, स्टूल. नाशकातल्या कॅफेंचे मेलेले माऊस त्याच्याकडं येतात, त्याला एकट्याला उरकत नाही. आशाचा हात चांगला आहे, नवरात्रापासून विचारतोय, ती म्हणायची आई सोडणार नाही. "आणि तुम्ही स्वतः पेढे घेऊन आलात," म्हणाला. सोमवारपासून ये म्हणून सांगा तिला.

पेढा तोंडात गेलेला परत मागता येत नाही.

पूजानं चहा केला. साखर कमी होती. तसं सांगितलं.

१३ ऑक्टोबर
ह्यांना म्हणाले, महेशचं लग्न झालंय हे तुम्हाला माहीत होतं? हे म्हणाले, त्याच्या पोराच्या बारशाला गेलो होतो. मग आधी का नाही सांगितलं? हे ताटाकडं बघत राहिले.

आशाला मीच कामाला लावलं, हे जाऊबाईला फोन करून सांगितलं. माझाच विचार होता. पोरीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं असं मी पहिल्यापासून म्हणत आले. मागची पानं कुणी वाचायची नाहीत.

१५ ऑक्टोबर, रविवार
आशा विचारत होती कॅफेचं कसं करशील, सांगून ठेवू का, लिहून देऊ का. मी म्हणाले, हा कॅफे चालवला कुणी आजवर? जा तू निवांत.

१६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी दहा
आशा गेली. डब्यात मेथीची भाजी दिली. पेचकस विसरली होती, कोपऱ्यापर्यंत धावत जाऊन दिला.

कॅफे मी उघडला. झाडला. अगरबत्ती लावली. तीन गिऱ्हाइकं येऊन बसली. पाचही पडदे काळे. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घाई केली नाही. शांतपणे उठले, भिंतीवरच्या सगळ्या बटणांकडं एकदा बघितलं आणि त्यातलं सगळ्यात मोठं दाबलं.

पंखा लागला.

म्हणाले, बसा. आधी हवा घ्या.